टोपे-तेनीचा जोड : बेळगावातील एका वस्त्रकलावंताचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण बेळगाव शहराच्या वडगाव भागात राहणाऱ्या एका मराठीभाषक वस्त्रकलावंताचे आहे. विणकाम, कशिदा, ध्वनिमुद्रण आणि मांडणशिल्प अशा निरनिराळ्या माध्यमांतून ती काम करते. तिच्या आजीच्या एका साडीपासून सुरू झालेल्या कामाला दीड वर्षात तीन वेळा वेगळे वळण मिळाले, आणि प्रत्येक वळणाला कारण तिची स्वतःची कल्पना नव्हती, तर त्या वस्त्राची घडण आणि ते घडवणाऱ्या बायकांचे शब्द होते, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले. प्रस्तुत लेखक या कामाच्या नोंदी ठेवत होता, त्यामुळे तो पूर्णपणे तटस्थ नाही. संबंधित व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत; वस्त्राविषयीचे तपशील बदललेले नाहीत.

साडी आणि तिची मालकीण

आजीचे माहेर धारवाडचे आणि सासर वडगावचे. तिच्या लग्नात तिला मिळालेली साडी काळ्या अंगाची, तांबड्या पदराची इरकल होती आणि पदरावर व काठाशेजारी तिने स्वतः कशिदा भरलेला होता. अशा काळ्या साडीला मराठी घरांत चंद्रकळा म्हणतात आणि ती संक्रांतीशी जोडलेली असते. कन्नड घरांत तिलाच चंद्रकाळी म्हणतात आणि कसुतीने, म्हणजे तिकडच्या कशिद्याने, भरलेली चंद्रकाळी नवरीला देण्याची तिकडची चाल जुनी आहे. आजीच्या साडीत या दोन्ही चाली एकत्र आल्या होत्या, परंतु त्यात काही विशेष आहे असे त्या घरात कोणालाही कधी वाटले नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली तेव्हा मुंबई राज्यातले धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले, आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हाही गेला. म्हणजे आजीचे माहेर आणि सासर दोन्ही एकाच दिवशी एकाच बाजूला गेले. तिचे चंदगडकडचे नातेवाईक तेवढे पलीकडे राहिले. पुढचा इतिहास सीमाभागातल्या शाळकरी मुलालाही पाठ असतो : दोन राज्यांतल्या सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग, १९६७ मधला त्याचा अहवाल, ८६५ गावांची मागणी, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. कलावंत याच वातावरणात वाढली. दरवर्षी १ नोव्हेंबरला एका रस्त्याने राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्याने काळ्या दिनाची फेरी निघते, हे तिने लहानपणापासून पाहिलेले आहे. तेव्हा वारसा आणि ओळख या विषयावर काम करायचे ठरल्यावर तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा सीमारेषाच यावी, यात आश्चर्य नव्हते.

पहिला आराखडा

इरकल साडीचे अंग आणि पदर जिथे मिळतात, तिथे रंग एकदम बदलतो. काळे संपते आणि तांबडे सुरू होते. मध्ये मिसळलेला पट्टा नसतो. कलावंताला या रेषेत सीमा दिसली. आजीची साडी त्या रेषेवर कापावी, दोन्ही तुकडे दालनात समोरासमोर टांगावेत आणि मधल्या मोकळ्या जागेतून प्रेक्षकांनी चालत जावे, असा तिचा पहिला आराखडा होता. कागदावर तो प्रभावी दिसत होता, हे मान्य केले पाहिजे.

हा आराखडा घेऊन तिने एका संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला. अर्जात समुदायाचे नाव लिहायला एक चौकट होती आणि कलाप्रकाराचे नाव लिहायला दुसरी. तिने पहिलीत मराठी आणि दुसरीत इरकल असे लिहिले. परीक्षकांनी विचारणा केली की, इरकलचे भौगोलिक मानांकन बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावाचे असताना ती मराठी समुदायाचा वारसा कशी ठरते. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, पण चौकट मात्र चुकीची होती. जे वस्त्र कन्नड मुलुखात विणले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या मराठी बायकांच्या अंगावर राहिले, त्याचा वारसा विणणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की नेसणारीचा, याचे उत्तर एका शब्दात मावत नाही. बेळगावातल्या शहापूरचेच पाहावे. शहापूरच्या साड्यांना मोठे नाव होते, आणि आज बेळगाव शहरात मिसळून गेलेले हे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. तिथल्या मागावरची साडी कोणत्या चौकटीत लिहायची? अनुदान नाकारले गेले नाही, पण खुलासा मागितला गेला, आणि खुलासा लिहिण्यासाठी कलावंताला प्रथमच इळकलला जावे लागले. त्याआधी तिने साडीवर सहा महिने विचार केला होता, परंतु ती विणताना एकदाही पाहिली नव्हती. हा दोष तिने पुढे स्वतःच बोलून दाखवला.

जोड म्हणजे काय

हातमागावरच्या खऱ्या इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो. अंगाचे उभे धागे सहसा सुताचे असतात; पदराचे उभे धागे रेशमाचे किंवा कृत्रिम रेशमाचे, तांबडे. ताणा मागावर चढवण्याआधी अंगाच्या ताण्याची टोके आणि पदराच्या ताण्याची टोके एकमेकांत फास अडकवून जोडतात. असे काही हजार फास एका साडीसाठी घालावे लागतात. या जोडाला टोपे-तेनी म्हणतात. पदर जोडायचा असल्यामुळे प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र करावा लागतो. एक लांब ताणा चढवून त्यावर दहा साड्या ओळीने विणता येत नाहीत. पॉवरलूमवरच्या इरकलीत हा जोड नसतो. तिथे ताणा एकच असतो आणि पदराचा रंग फक्त आडव्या धाग्यातून आणतात, त्यामुळे तो तांबडा हातमागाइतका भरीव दिसत नाही. साडी खरी की नक्कल, हे जाणती बाई पदराच्या मुळाशी बोटे फिरवून सांगते.

काठाची गोष्ट वेगळी आहे. काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा तीन धोट्यांनी विणताना एकमेकांत गुंतवतात, त्याला कोंडी म्हणतात. हा शब्द ऐकून कलावंत हरखली. कन्नडमध्ये कोंडी म्हणजे कडी, दुवा. मराठीत कोंडी म्हणजे वाट बंद होणे, अडकून पडणे. एकाच अक्षरांत एका भाषेत जोडणे आणि दुसऱ्या भाषेत अडकणे, आणि तेही सीमाभागात! कामाचे नाव तिने तिथल्या तिथे कोंडी असे ठरवून टाकले आणि लेखकाला संदेशही पाठवला. लेखकालाही तो शब्द इतका आवडला की त्याने शहानिशा केली नाही.

ती ज्या घरी हा जोड पाहायला बसली होती, तिथल्या जोड घालणाऱ्या बाईंना, ज्यांना ती पहिल्या दिवसापासून आक्का म्हणत होती, तिने आपला आराखडा सांगितला. आक्कांनी दोन हरकती घेतल्या आणि दोन्ही कारागिरीच्या होत्या. पहिली अशी की, जोडाच्या रेषेवर कात्री चालवता येत नाही. फास एकमेकांच्या आधाराने उभे असतात; अंगाच्या बाजूने धागे तोडले तर पदराचे फासही मोकळे होतात आणि पदर मुळापासून उसवू लागतो. दोन तुकडे करायचे म्हटले तरी स्वच्छ कड असलेले दोन तुकडे मिळणार नाहीत. दुसरी हरकत नावाची. कोंडी काठाची, पदराची नव्हे. पदराच्या जोडाला कोंडी म्हटले तर इळकलमध्ये हसतील, असे त्यांनी सांगितले.

सीमारेषेचे रूपक इथे मोडले. ज्या रेषेला कलावंत तुटण्याची जागा समजत होती, ती साडीतली सर्वांत जास्त हातकाम झालेली जागा निघाली. लेखकाच्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. रूपक आधी आणि श्रम नंतर असा क्रम लावला की वस्त्र कलावंताच्या विधानाचे उदाहरण होऊन राहते. आक्कांच्या हरकतींनी तो क्रम उलटा केला. आराखडा तिने त्याच आठवड्यात मागे घेतला. आईला हे कळल्यावर ती एवढेच म्हणाली की, आजीची साडी कापायला ती तशीही देणार नव्हती.

आजीची मोजणी

या सुमारास आजीचे ध्वनिमुद्रण झाले. कशिद्यासाठी नक्षी छापून घेत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाका घालतात. म्हणून भरताना मोजणी चालूच असते. आजी आयुष्यभर मराठी बोलली. कन्नड तिला येत होते, पण घरात ती ते कधी वापरत नसे. नातीने तिला जुन्या साडीवरचा एक टाका पुन्हा घालून दाखवायला सांगितला, तेव्हा ती पुटपुटू लागली : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. दहापर्यंत कन्नडमध्ये, मग मराठीत दहा एक, पुन्हा कन्नडमध्ये, मग दहा दोन. आपण असे मोजतो हे तिला स्वतःलाही माहीत नव्हते. धारवाडला शेजारच्या घरी ती कशिदा शिकली होती. हाताला टाका लागला तेव्हाच जिभेला मोजणीही लागली, आणि हिशेब ठेवणे हे शाळेत शिकल्यामुळे मराठीत राहिले.

टाक्यांची नावेही तशीच. महाराष्ट्रात या कामाला सरसकट कर्नाटकी कशिदा म्हणतात आणि विशेषणातच ते परके होऊन जाते. आजी नुसते कशिदा म्हणे, पण टाके मात्र गवंती, मुरगी, नेयगे आणि मेंथी. गवंती हा दुहेरी धावदोरा, त्यातून सरळ रेषा निघतात. मुरगीची चाल पायऱ्यापायऱ्यांची. या दोन्हींत गाठ मारत नाहीत आणि कापड उलटे केले तरी नक्षी तीच दिसते. नेयगे म्हणजे विणकाम. तो टाका विणल्यासारखा भरीव दिसतो. मेंथी म्हणजे मेथी. तो फुलीचा टाका, त्याला दोरा जास्त लागतो आणि त्याची उलटी बाजू सुलटीसारखी नसते. आजीच्या पदरावर गोपुर, तुळशीवृंदावन आणि हत्ती होते. हत्तीच्या पोटात मेंथी भरलेली होती, आणि उलट्या बाजूने तो हत्ती जरा विस्कटलेला दिसत असे, याबद्दल आजीला शेवटपर्यंत संकोच वाटत राहिला.

हे ध्वनिमुद्रण सहा मिनिटांचे आहे. लेखकाच्या मते सबंध कामातला हा सर्वांत ठाम भाग, कारण त्यात ओळखीविषयी कोणीही काही सांगत नाही. कलावंताने मात्र प्रदर्शनात तो दालनाच्या कोपऱ्यात, एका लहान स्पीकरवर, कान लावला तरच ऐकू येईल असा ठेवला. याबाबत आमचे एकमत झाले नाही. आजीचा आवाज घरातला आहे आणि तो मोठा केला तर घोषणा होतो, असे तिचे म्हणणे होते. गर्दीच्या वेळी तो आवाज कोणालाच ऐकू आला नाही, ही वस्तुस्थिती लेखक नोंदवून ठेवतो.

न विणलेला ताणा

दुसरा आराखडा असा ठरला की, आजीची साडी अखंड ठेवायची आणि तिच्याशेजारी एक नवा, जोड घातलेला पण न विणलेला ताणा दालनभर ताणून लावायचा. विणून झाल्यावर फास कापडात बुजून जातात. विणण्याआधीच ते एकेक करून दिसू शकतात. काळे सूत एका भिंतीकडून येते, तांबडे कृत्रिम रेशीम दुसऱ्या भिंतीकडून, आणि मध्ये फासांची ओळ.

आक्कांना हे पटवणे सोपे गेले नाही. जोड घालून साडी विणायचीच नाही, हे त्यांना पोळपाटावर पोळी लाटून ती तशीच ठेवून देण्यासारखे वाटले. शेवटी प्रदर्शन संपल्यावर ताणा मागावर चढवून साडी पुरी करायची, या अटीवर त्या तयार झाल्या. अट घातल्यामुळे कलाकृतीला आपोआप मुदत आली; ती जतन करून कोणाला विकता येणार नव्हती. कलावंताने ही अट मान्य केली, पण सुरुवातीला थोड्या नाखुशीनेच.

पैशांचा मुद्दाही इथेच आला. जोड घालण्याची मजुरी साडीमागे ठरलेली असते. कलावंताने एका साडीचा दर दिला, परंतु काम सावकाश करायला लावले, मध्येमध्ये थांबवून छायाचित्रे घेतली, एक फास चार वेळा घालून दाखवायला सांगितले, आणि जे काम त्या घरात नेहमीच्या वेगाने होते ते चार दिवस चालले. त्या चार दिवसांत आक्कांचे दुसरे काम बुडाले. त्या काही बोलल्या नाहीत. नोंदवहीतल्या तारखा आणि दिलेली रक्कम समोरासमोर ठेवल्यावर ही गोष्ट उघड झाली आणि मग दिवसाच्या हिशेबाने राहिलेले पैसे दिले गेले. वारसा या शब्दाखाली अशी उधारी पुष्कळदा लपते, आणि ती लपवण्याचा कोणाचा हेतूही नसतो.

ताणा वडगावच्या घरात चाचणीसाठी प्रथम टांगला तो श्रावणात, आणि इथे हवेने आपला धडा दिला. दमट हवेत सुताचा धागा फुगतो आणि आखडतो. कृत्रिम रेशीम ओलाव्याने कमजोर होते आणि ताणाखाली लांबते. तिसऱ्या दिवशी काळी बाजू तट्ट झाली होती आणि तांबडी बाजू झोळीसारखी खाली आली होती. फासांची सरळ ओळ धनुष्यासारखी वाकली आणि काही फास सुटले. पाहायला आलेल्या एका मित्राने लगेच त्यात केंद्र आणि सीमा यांच्याविषयी अर्थ काढला. कलावंताने तो ऐकून घेतला आणि वाळूच्या पिशव्या शिवायला घेतल्या. तांबडे धागे लहान लहान जुड्यांत बांधून प्रत्येक जुडीला वेगळी पिशवी लटकवली, म्हणजे हवा बदलली तरी ताण प्रत्येक जुडीपुरता आपोआप सावरला जातो. या वाळूच्या पिशव्या पुढे प्रदर्शनातही राहिल्या आणि छायाचित्रांत त्या सगळ्यांत आधी नजरेत भरतात.

फलक

प्रदर्शन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरले होते. दालनाच्या व्यवस्थापकांनी ते महिन्याच्या उत्तरार्धात ढकलायला सांगितले आणि कारण विचारावे लागले नाही. बाहेरच्या फलकाचा प्रश्न मात्र राहिला. दुकाने आणि आस्थापना यांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचा नियम २०२४ मध्ये कायद्यात आला आहे; तो चार दिवसांच्या प्रदर्शनाच्या कापडी फलकाला लागतो की नाही, या वादात न पडता फलक त्या प्रमाणातच रंगवावा, असा त्यांचा आग्रह होता. कलावंताने तो मानला. त्यावर एका परिचितांनी, मराठी मुलीने मराठी मुलुखात मराठी खाली का लिहावे, असे रागाने विचारले. दोन दिवसांनी दुसऱ्या एका पाहुण्यांनी, इळकलच्या साडीच्या प्रदर्शनात मराठी हवीच कशाला, असे तितक्याच रागाने विचारले. दोघेही आत येऊन ताणा पाहून गेले असते तर बरे झाले असते; दोघेही दारातून परतले.

नावाचा प्रश्न कोंडी बाद झाल्यापासून लोंबकळत होता. सुटला तो आईमुळे. ताण्याकडे बोट दाखवून ती शेजारणीला हे जोडणे असे सांगत होती, आणि शेजारणीने तोच शब्द कन्नड म्हणून उचलला, कारण कन्नडमध्येही जोडणे म्हणजे जोडणीच. मराठीत क्रियापद, कन्नडमध्ये नाम, उच्चार जवळजवळ एक. फलकावर तो शब्द दोन्ही लिपींत गेला आणि भाषांतर म्हणून त्याखाली काहीच लिहावे लागले नाही. कोंडीसारखी चमक या शब्दात नाही. तो कोणालाही डिवचत नाही, हे त्याचे वैगुण्य आहे असे लेखकाला अजूनही अधूनमधून वाटते. पण तो खोटाही नाही.

आतल्या चिठ्ठ्यांवर टाक्यांची नावे जशी बोलली जातात तशीच ठेवली. गवंतीला मराठी प्रतिशब्द शोधला नाही. प्रत्येक चिठ्ठीवर, काम कोणत्या हातांनी केले त्यांची नावे त्यांच्या संमतीने लिहिली. आपले नाव लिहायला आक्कांची हरकत नव्हती, पण कांड्या भरणाऱ्या सुनेचे नाव राहिले म्हणून त्यांनी चिठ्ठी परत करायला लावली, आणि ती पुन्हा छापावी लागली.

आजीने भरलेली साडी काचेच्या दोन तावदानांमध्ये, दोन्ही बाजूंनी पाहता येईल अशी लावली होती. हत्तीची विस्कटलेली उलटी बाजू लोकांना दिसू नये, अशी आजीची इच्छा होती. कलावंताने ती बाजू झाकली नाही. प्रदर्शनाला आजी येऊ शकली नाही, त्यामुळे हा प्रश्न दोघींमध्ये पुन्हा निघाला नाही.

नंतर

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी एका संग्राहकाने न विणलेला ताणा आहे तसा विकत घेण्याची तयारी दाखवली. देऊ केलेली रक्कम अनुदानापेक्षा मोठी होती आणि कलावंताने एक रात्र विचार करायला मागितली, हे तिच्या बाजूने असो वा विरुद्ध, नोंदवले पाहिजे. सकाळी तिने नकार कळवला आणि ताणा गुंडाळून इळकलला पाठवून दिला.

चार महिने टांगलेला ताणा विणायला अवघड गेला. खळ सुकून गेली होती, धागे ठिसूळ झाले होते आणि जोडाच्या ओळीत बरेच फास तुटले होते. आक्कांनी ते गाठी मारून सांधले. एरवी टोपे-तेनीच्या ओळीत गाठ दिसली तर साडी दुय्यम ठरते आणि बाजारात तिचा भाव पडतो. ही साडी संक्रांतीच्या आधी विणून आली : काळे अंग, तांबडा पदर, पदरावर पांढरी नक्षी. हळदीकुंकवाला ती आईने नेसली. जोडाची ओळ नेमकी खांद्यावर येते आणि तिथल्या गाठी पिनेला लागतात, म्हणून आई आता पदराला पिन थोडी खाली लावते.